सुनंदाच्या नावाने दाबलेलं बटण

या अंकाच्या संपादकांनी मला आतापर्यंत चार वेळा लिहायला सांगितलं आणि चारही वेळा मी त्यांना हसण्यासारखं काहीतरी देऊन मोकळा झालो. एक्स-रे काढताना खिशातली तंबाखूची डबी तशीच ठेवणारा माणूस आणि छातीच्या फोटोत ती डबी पाहून रडायला लागलेली त्याची बायको. फिल्म उलटीसुलटी करत "याच्यात माहं तोंड कुठं हाये? हा फोटो दुसऱ्याचा हाये," म्हणून भांडणारी म्हातारी. वाचकांना ते आवडलं. पण दर वेळी लेख पाठवल्यावर मला दोन दिवस जेवण जायचं नाही. जे लिहायचं होतं ते सोडून मी भलतंच लिहिलं आहे, हे मला माहीत असायचं.

या वर्षी ते लिहितो आहे. सुनंदा नावाच्या एका मुलीची नोकरी आणि तिची पत माझ्यामुळे गेली. चूक माझी होती, ती माझी आहे हे मला वेळेवर कळलं होतं, आणि मी तोंड उघडलं नाही. माझं वय आता त्र्याहत्तर आहे.

आमचं केंद्र नाकाडोंगरीत, एका खाजगी धर्मादाय ट्रस्टचं. दोन खोल्या आणि एक व्हरांडा. छातीचा एक्स-रे, रक्त, थुंकी एवढीच तपासणी व्हायची. एक्स-रे मी काढायचो आणि व्यवस्थापक म्हणूनही मीच होतो. एक्स-रे वाचणाऱ्या डॉक्टर मॅडम भंडाऱ्याला. पूर्वी ओल्या फिल्म वाळवून, पाकिटात घालून एसटीच्या कंडक्टरजवळ द्यायच्या आणि दोन दिवसांनी दुसऱ्या गाडीने रिपोर्ट यायचा. एकदा पाकीट सीटखाली राहून भंडाऱ्याहून थेट आगारात गेलं आणि तिथल्या एका मेकॅनिकने त्या फिल्मा खिडकीच्या काचेवर उन्हाला आडोसा म्हणून चिकटवल्या. मी स्वतः जाऊन त्या काढून आणल्या. फोटो संगणकावर यायला लागले तेव्हा मी मनात म्हटलं, सुटलो.

संगणकावरची फाईल भंडाऱ्याला पाठवायला एक सॉफ्टवेअर लागतं. आमच्या विंडोजवर होतं त्यात पडद्याचे दोन भाग दिसायचे. डावीकडे आमचा संगणक, उजवीकडे मॅडमचा. डावीकडची फाईल ओढून उजवीकडे टाकली की गेली. मधेच एक बटण होतं, दोन्ही बाजू सारख्या करण्याचं. ते दाबलं की ज्या बाजूची फाईल नवी ती दुसऱ्या बाजूच्या जुन्या फाईलवर बसते. मला हे बटण फार आवडायचं.

इथे आमच्याकडची एक पद्धत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. एक्स-रेबरोबर एक छोटी लेखी नोंद जायची. शंभरातल्या बहुतेकांच्या छातीत काही नसतं. म्हणून मॅडमचं टायपिंग वाचावं यासाठी आम्ही त्या नोंदीत आधीच "छाती स्वच्छ" असं लिहून पाठवायचो. काही आढळलं तरच मॅडम ते खोडून आपलं मत लिहायच्या. फिल्मच्या काळापासूनची ही पद्धत, आणि ती मीच पाडलेली. मॅडमना सोयीची वाटली, मला हुशारीची वाटली.

मग आमच्या जुन्या विंडोजला सुधारणा येणं बंद झालं. पाठोपाठ कुठूनसा व्हायरस शिरला आणि आठवड्याभराचे फोटो गेले. नवा परवाना घेण्यापेक्षा लिनक्स टाका, ते फुकट आहे, असं ट्रस्टच्या सचिवांनी ठरवलं. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी संगणक चालवणारी दुसरी व्यवस्था. तिच्यावर आमचं जुनं सॉफ्टवेअर चालत नव्हतं. नवं निवडायचं काम माझ्याकडे आलं.

मी वहीत पान आखून बसलो. माणसाच्या छातीची गोष्ट वाटेत कुणी वाचू नये, ही पहिली अट. काही जुनी सॉफ्टवेअरं फाईल आणि पासवर्ड दोन्ही उघडे पाठवतात. ती मी लगेच कापली. सुरक्षित सॉफ्टवेअर आधी समोरच्या संगणकाची ओळख दाखवतं, अक्षरं आणि आकडे मिळून एक लांबलचक ओळ. ती बरोबर आहे का हे समोरच्याला विचारून मगच हो म्हणायचं असतं. बहुतेक लोक न विचारताच हो म्हणतात. मी मॅडमच्या कंपाउंडरला फोन लावून ती ओळ एकेक अक्षर करून ताडून पाहिली. वीस मिनिटं लागली. तो शेवटी म्हणाला, "साहेब, एवढी चौकशी तं माह्या लग्नात पोरीवाल्यानं नाही केली." मला त्या वीस मिनिटांचा फार अभिमान होता. खरं सांगायचं तर अजूनही आहे.

सुनंदा तेव्हा आमच्याकडे दोन वर्षं जुनी झाली होती. वडील चिखल्याच्या खाणीत कामाला, राहणं तिथल्या कामगार वसाहतीत. संगणकाची पदविका घेतलेली त्यांच्या घरातली ती पहिली. रोज काळीपिवळी जीपने यायची, संगणक उघडायची, नोंदी टाइप करायची, रिपोर्ट छापायची आणि ज्यांना बोलवायचं त्यांना फोन करायची. तिने लिनक्सच्या काळ्या पडद्यावर मला दोन ओळी लिहून दाखवल्या.

"सर, हे पाहा. एक ओळ पाठवाची, एक ओळ आणाची. गेलेल्या फाईलवर दुसरी बसतच नाही."

"आणि तू सुट्टीवर गेलीस की मी काळ्या पडद्याकडे पाहत बसू?"

"मी लिहून ठेवते ना जी भिंतीवर."

"भिंतीवर कॅलेंडर आहे."

ती हसली. पण तिने सोडलं नाही. "मंग तुमचं दोन भागवालं घ्या. लिनक्सवरही तसं भेटते. फक्त दोन्हीकडं एकच फोल्डर नका ठेवू. आपलं जाणारं वेगळं, मॅडमचं येणारं वेगळं. आणि तुमच्या नावाची वेगळी चावी करू द्या. आता सारं माह्याच नावानं जाते."

चावी म्हणजे आपण कोण हे समोरच्या संगणकाला पटवणारी फाईल. ज्याची चावी त्याचं नाव तिकडच्या नोंदीत उमटतं. मी म्हटलं, "एका खोलीला किती कुलपं लावशील, सुनंदा?"

आमच्याकडे कुठल्याही कार्यालयात जा, सकाळी जो कनिष्ठ माणूस संगणक उघडतो त्याच्याच नावावर दिवसभर सगळे काम करतात. साहेब आपलं नाव टाकत नाही. नाव टाकणं हे खालच्याचं काम, असं कुणी बोलत नाही, पण चालतं तसंच. मीही तसाच होतो.

मी दोन भागांचं, सुरक्षित, त्याच बटणाचं सॉफ्टवेअर निवडलं. फोल्डर एकच ठेवलं. आणखी एक गोष्ट मी केली. विंडोज पूर्ण काढू दिलं नाही. माझी सगळी मराठी पत्रं जुन्या फॉन्टमध्ये होती आणि तो फॉन्ट आणि माझ्या बोटांत बसलेल्या त्याच्या कळा लिनक्सवर चालत नव्हत्या. वयाच्या त्या टप्प्यावर पुन्हा क, ख, ग कुठे आहेत हे शोधायची माझी तयारी नव्हती. म्हणून एकाच संगणकावर दोन्ही ठेवली. पत्र लिहायचं असलं की मी संगणक बंद करून विंडोजमध्ये जायचो, पत्र छापायचो, परत लिनक्समध्ये यायचो.

थोड्या दिवसांनी सुनंदा म्हणाली, "सर, याचं घड्याळ कधीकधी पुढंच पळून राह्यते. दुसऱ्या दिवशी सकाळी मले ते मागं करा लागते."

"भिंतीवरचं बरोबर आहे. ते पाहा," मी म्हणालो.

इंटरनेटवरून घड्याळ आपोआप जुळवण्याची सोय असते. आमचं इंटरनेट मोबाईलचं सिम घातलेल्या डोंगलवर चालायचं, ते उगाच खर्च होऊ नये म्हणून ती सोय मी बंद केली होती.

दयाराम ट्रकवर ड्रायव्हर होता. बारीक खोकला होता म्हणून बायकोने बळेच पाठवलं. मी त्याचा एक्स-रे काढला, सुनंदाने नोंद केली, दोन्ही भंडाऱ्याला गेलं. दुसऱ्या दिवशी त्याने येऊन रिपोर्ट नेला. "छाती स्वच्छ." चार महिन्यांनी तो परत आला तेव्हा व्हरांड्याची एक पायरी चढून थांबला आणि दुसरी चढू शकला नाही. त्याच्या रुमालाला रक्त होतं. मी त्याला धरायला गेलो तर त्याने शर्टाच्या खिशातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला आमचाच रिपोर्ट काढला.

"कागद तं साफ हाये साहेब," तो म्हणाला. "बायको रोज म्हने दवाखान्यात जा. मी म्हनो, पाह्य, लिहून हाये."

चार महिने तो हा कागद बायकोला दाखवत होता. मी केंद्राच्या जीपमध्ये त्याला घालून नागपूरला नेलं. क्षयरोग होता, उजवं फुफ्फुस बरंचसं खाल्लं गेलं होतं. तो वाचला. ट्रक मात्र परत चालवता आला नाही.

मी मॅडमना फोन करून दयारामचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी लिहिलं होतं. उजवीकडे वर डाग, थुंकी तपासायला ताबडतोब बोलवा. मी लिहिलं होतं, मला पक्कं आठवतं." त्या डायरी ठेवायच्या. डायरीत ओळ होती, तारखेसकट. आमच्या फाईलमध्ये ती ओळ नव्हती. आणि मॅडमच्या संगणकावरच्या फाईलमध्येसुद्धा नव्हती. तिथेही "छाती स्वच्छ."

सचिव भंडाऱ्याहून आले. मॅडमच्या संगणकातली नोंद त्यांनी छापून आणली होती. त्या दिवशी दुपारी एक वाजून बत्तीस मिनिटांनी नाकाडोंगरीहून जुनी फाईल येऊन मॅडमच्या दुरुस्त फाईलवर बसली. पाठवणाऱ्याचं नाव, सुनंदा.

त्यांनी कागद तिच्यापुढे ठेवला. ती तो कितीतरी वेळ वाचत राहिली.

"मी नाही पाठवली सर. सकाळची एकदा गेली, तीच. मंग मी काहून पाठवीन परत?"

"नाव तुमचं आहे ना?"

"नाव माहं हाये."

"मग?"

ती माझ्याकडे बघत होती. चार महिने झाले होते, पण एक बत्तीसला त्या खुर्चीत कोण असतं हे मला पक्कं माहीत होतं. रोज त्या वेळी सुनंदा व्हरांड्यात डबा खायची. मॅडमचे रिपोर्ट आले का बघावं म्हणून मी तिच्या खुर्चीत बसायचो आणि दोन्ही बाजू सारख्या करण्याचं ते बटण दाबायचो. त्या दिवशीही दाबलं होतं. त्याने असं काही होऊ शकतं हे मला माहीत नव्हतं. बटण मी दाबलं एवढं मात्र माहीत होतं.

सचिवांनी मला विचारलं, "संगणकावर दुसरं कोणी बसतं का?"

मी म्हणालो, "संगणक तिच्याच ताब्यात असतो."

या वाक्यात एकही शब्द खोटा नाही. पुढे कितीतरी दिवस मी याच विचारावर झोपलो. सुनंदाने ते वाक्य ऐकलं आणि मान खाली घातली. सचिव सभ्य माणूस होते. पोलिसात वगैरे जायचं नाही, तिने राजीनामा द्यावा, असं त्यांनी ठरवलं. तिने तिथेच लिहून दिला. जाताना टेबलाची चावी माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "सर, दोन फोल्डरचं तेवढं पाहा."

राजीनामा मंजूर झाल्याचं पत्र मला काढायचं होतं. चार दिवसांनी सकाळी मी विंडोजमध्ये जाऊन ते टाइप केलं, छापलं, सही केली आणि परत लिनक्समध्ये आलो. सुनंदा नव्हती म्हणून पेशंटची नोंद मीच केली. फाईल जतन केली आणि सहज तिच्यापुढची वेळ पाहिली. दुपारचे तीन चाळीस. भिंतीवर दहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

मी खुर्चीत मागे सरकलो. जी वेळ अजून आलीच नव्हती त्या वेळेची फाईल माझ्यासमोर होती. बोटांवर मोजलं. साडेपाच तास. हा आकडा शाळेत भूगोलात शिकलो होतो, आपल्यात आणि इंग्लंडच्या प्रमाण वेळेत तेवढंच अंतर. बाहेर पेशंट खोकत होता आणि मला तो आवाज फार लांबून येतो आहे असं वाटलं.

नंतर पुस्तकात वाचून खात्री केली, पण समजायचं ते तेव्हाच समजलं होतं. विंडोजमध्ये गेलो की तिथलं घड्याळ मी भिंतीवरच्याशी जुळवायचो, आणि विंडोज ती भारतीय वेळ संगणकाच्या आतल्या घड्याळात लिहून ठेवतं. लिनक्स त्याच घड्याळात प्रमाण वेळ आहे असं धरतं आणि साडेपाच तास मिळवून आपल्याला दाखवतं. विंडोजवरून लिनक्सवर आलं की घड्याळ पुढे, दुसऱ्या सकाळी सुनंदा ते मागे करीपर्यंत. म्हणजे दयारामच्या दिवशी सकाळी मी पत्र लिहिलं असणार. मग सुनंदाने दहाला केलेली "छाती स्वच्छ" ही फाईल साडेतीनच्या पुढची ठरली. मॅडमनी दुपारी एकच्या सुमाराला ती दुरुस्त केली, तिच्यावर खरी वेळ पडली. मी दीडला बटण दाबलं. सॉफ्टवेअरने दोन फाईली पाहिल्या, आमची जास्त नवी म्हणून ती उचलली, कुलूपबंद करून, वाटेत कुणाला एक अक्षर वाचू न देता सुखरूप भंडाऱ्याला नेली आणि मॅडमच्या अक्षरांवर ठेवली. मी निवडलेलं सॉफ्टवेअर अगदी उत्तम चाललं होतं.

मी जावक रजिस्टर काढलं. मी किती दिवशी पत्रं पाठवली हे त्यात तारखेने होतं. ज्या ज्या दिवशी पत्र, त्या त्या दिवसाचे सगळे फोटो मॅडमकडे पुन्हा पाठवले. फोटो सुरक्षित होते, फक्त नोंदी बिघडल्या होत्या. मॅडमनी विचारलं, "का?" मी म्हटलं, "खबरदारी." त्यात आणखी दोन माणसं निघाली. एकाचा डाग जुना, वाळलेला होता. दुसरी एक बाई होती, तिला फोन करून सांगितलं की मशीन बिघडलं होतं, परत फोटो काढू. तिचा आजार सुरुवातीलाच सापडला. तिने पुढे मला घरच्या चिंचा आणून दिल्या. मी त्या घेतल्या.

आता लिहायला सर्वांत अवघड जाणारी गोष्ट. ते मंजुरीचं पत्र सही होऊन माझ्या टेबलावर पडलं होतं. पोस्टाची वेळ व्हायची होती. मी ते फाडू शकत होतो. सचिवांना एक फोन केला असता तर सुनंदा दुसऱ्या दिवशी काळीपिवळीतून उतरली असती. मी पत्र दुपारच्या टपालात टाकलं. मग विंडोज पुसून टाकलं, घड्याळ नीट केलं आणि दोन फोल्डर केले, जाणाऱ्यांचं वेगळं, येणाऱ्यांचं वेगळं. माझ्या नावाची चावी केली. नोंदीत आधीच "छाती स्वच्छ" लिहिणं बंद केलं. पुढच्या बैठकीत सचिव म्हणाले, "पाहा, अनुभवी माणूस असला की असा फरक पडतो." मी मान हलवली.

दयाराम कधीकधी रस्त्यात भेटतो. हळू चालतो. मला पाहिलं की हात जोडतो. "तुम्ही गाडीत टाकून नेलं म्हनून मी हाये साहेब. त्या कम्प्युटरवाल्या बाईनं तं मारलंच होतं."

एकदा मी चिखल्यापर्यंत गेलो. वसाहतीच्या तोंडाशी सुनंदाचे वडील पाळीवरून येताना दिसले. त्यांनी ओळखलं, "चहा घेऊन जा जी," म्हणाले. मी म्हटलं, घाई आहे. परतीच्या जीपला दीड तास होता. मी तो रस्त्याच्या कडेला उभा राहून काढला.

मागच्या वर्षी पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला भंडाऱ्याला गेलो. सेवा केंद्रात गर्दी होती. माझा नंबर आला आणि पलीकडे सुनंदा बसलेली. केसांत थोडं पांढरं दिसत होतं. तिने लगेच उभं राहून "सर, बसा जी," म्हटलं. मी जिवंत आहे हे सिद्ध करायला अंगठा लावायचा असतो. माझा अंगठा मशीन घेईना. फिल्म धुण्याच्या रसायनांनी माझ्या बोटांच्या रेषा केव्हाच गेल्या आहेत. तिने रुमालाने अंगठा पुसला, स्वतःच्या हाताने धरून दाबला, पुन्हा पुसला, पुन्हा दाबला. मागचा माणूस म्हणाला, "ताई, किती वेळ लावता?"

"थांबा ना दादा. म्हातारे हायेत," ती म्हणाली.

सहाव्यांदा अंगठा लागला. तिने दाखला छापला, वाचला, परत एकदा वाचला. मग म्हणाली, "मी आता सारं दोनदा पाहाते सर. लोकं हसतात." तिने आवाज खाली आणला. "एक विचारू का? मी लय आठवून पाह्यलं. मले वाटे मी पाठवलीच नाही. पण मंग वाटते, पाठवली असंन. नाव तं माहंच होतं. दयारामभाऊचं तसं झालं, ते माह्याच हातून झालं असंन ना सर?"

माझा हात अजून मशीनजवळ होता. मागे रांग होती. मी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणालो, "जाऊ दे सुनंदा. जुनी गोष्ट आहे."

"हो," ती म्हणाली आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

मी दाखला घेऊन बाहेर आलो. बसस्टँडवर बसून ते वाक्य मनात नीट लावलं. परत सेवा केंद्रापर्यंत गेलो, काचेतून पाहिलं, तिच्यासमोर कुणाचंतरी काम चालू होतं. दार ढकललं नाही. वाक्य फार मोठं नव्हतं. सुनंदा, ते बटण मी दाबलं होतं आणि तुझं नाव पुढे आलं तेव्हा मी गप्प बसलो. तू पाठवली नव्हतीस. तुझ्या हातून काहीच झालं नव्हतं. मला माफ कर.